‘छान’ म्हणायची तालीम

रत्नागिरीत कुणी तोंडावर ‘छान’ म्हटलं की आपण आधी विचारतो, काय काम होतं? आमच्याकडे माया दाखवायची रीत वेगळी आहे. सून गुणी असेल तर सासू म्हणते, ‘भात करपवत नाही, एवढं खरं.’ मुलगा वर्गात पहिला आला तर बाप विचारतो, ‘बाकीची आजारी होती काय?’ आणि मग स्वतः पेढे घेऊन आळीभर फिरतो. अशा गावात मी म्हाताऱ्या माणसांना एकमेकांच्या चित्रांचं तोंड भरून कौतुक करायला शिकवायला निघाले होते.

मी ज्या संस्थेत आहे ती स्वतः वर्ग घेत नाही. गावोगावची ज्येष्ठ नागरिक मंडळं, वाचनालयं, बचत गट यांना ती म्हाताऱ्या माणसांसाठी चित्रांचे, गाण्यांचे, मातीकामाचे वर्ग कसे चालवायचे ते शिकवते. म्हणजे वर्ग घेणाऱ्यांचा वर्ग घेणं हे माझं काम. ऑफिस पुण्यात, मी रत्नागिरीत. पुण्याहून एक पुस्तिका आली होती. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, छापील फुलांत रंग भरणं नाही, कारण सत्तरीची माणसं म्हणजे बालवाडी नव्हे. आणि सगळ्यात मोठा नियम असा की वर्गात कुणीही कुणाच्या कामातली चूक काढायची नाही. बोलायचंच असेल तर ‘मला आवडलं की’ अशी सुरुवात करून बोलायचं.

तो नियम वाचून मला भरून आलं होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कुठल्या ना कुठल्या आंदोलनात असत आणि आंदोलन संपलं तरी पत्रकं उरत. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, कपाटाच्या फळ्यांवर तीच अंथरलेली, आणि मी पहिल्यांदा जोडून वाचलेला शब्द ‘कमळ’ नव्हता, ‘नागरिकांनो’ होता. अन्यायाविरुद्ध नियम आहे म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. शाळेतल्या एका लाल रेघेने कितीतरी हात कायमचे थांबवले असतील. ते हात म्हातारपणी मोकळे करायचे, याहून मोठं काम मला तरी माहीत नव्हतं. अजूनही नाही.

वर्गाला माणसं जमवायची म्हणून मी अर्थातच पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत ‘कला हा ज्येष्ठांचा हक्क आहे’, खाली ‘तो मिळवण्यासाठी गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या सभागृहात उपस्थित राहा’.

गुरुवारी सभागृह भरलं. मी दारात उभी राहून मनातल्या मनात बाबांना सांगत होते, बघा. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्डाची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान आणि पासपोर्ट साइजचे फोटो आहेत. हातखंब्याहून लेकीकडे राहायला आलेल्या एक काकू थेट माझ्यापाशी आल्या.

“बाय, हा हक्क कुठल्या टेबलावर मिळतो?”

“काकू, इथे चित्रं काढायची आहेत.”

“ती काढू. पण पैसे खात्यात जमा व्हनार का हातात?”

पैसे नाहीत हे मी माइकवरून जाहीर केलं तेव्हा मागची रांग उठली. तिच्या पाठोपाठ मधली उठली. पुढची रांग उठली नाही, कारण चहा उकळत होता. मंडळाचे सेक्रेटरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ते अजून घोषणा केल्यासारखेच बोलतात. ते म्हणाले, “चहा पाच मिनिटांत लागेल. प्रवाशांनी जागा सोडू नये.” त्या पाच मिनिटांत काय करायचं हे पुस्तिकेत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“फोटो आणलेच आहेत ना सगळ्यांनी? मग समोर ठेवा आणि बघून स्वतःचं तोंड काढा. बघू कोणाला कोणाला ओळखता येतं.”

या बाई. म्हणजे गावाच्या बाई. प्राथमिक शाळेत त्यांनी निम्म्या गावाला शिकवलं, माझ्या बाबांनाही. बाबा पोलिसांसमोर छाती काढून उभे राहतात, पण रस्त्यात बाई दिसल्या की शर्टाचं वरचं बटण लावतात. सेक्रेटरींनी वर्ग घेण्यासाठी मंडळातर्फे त्यांचंच नाव दिलं होतं, आणि मी त्यांना तयार करायचं होतं.

त्या दिवशी उरलेल्या सगळ्यांनी चित्रं काढली. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. मला जे महिनाभरात साधायचं होतं ते बाईंनी एका वाक्यात केलं होतं. मी कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं होतं आणि त्या रांगेतून फिरायला लागल्या होत्या.

“कान भुवईच्या रेषेत सुरू होतो. तुमचा गालावर उतरलाय. कानातलं जड आहे का?”

मी धावले. “बाई, चूक काढायची नाही.”

“मी काढत नाही, त्यांनी काढली आहे. मी फक्त दाखवत्येय.”

पुढचे काही गुरुवार हेच चाललं. बाई चुका दाखवत, मी बाईंना त्यांची चूक दाखवत असे, आणि माणसं मजेत बघत असत. एका गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी थांबून त्यांनी सरळच विचारलं.

“तू मला काढून टाकणार आहेस का?”

“तसं नाही बाई. पण पुण्याच्या ऑफिसातून ताई येणार आहेत वर्ग बघायला. त्यांना पटलं तर आपल्या केंद्राला मान्यता, आणि वर्ग घेणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव. त्यांच्यासमोर असं चालणार नाही.”

“माझं नाव कागदावर येतं?”

“येतं. वर्षभरासाठी नेमणूकच असते.”

बाई जरा वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिल्या. मग म्हणाल्या, “मुलगा डोंबिवलीला असतो, तुला माहीत आहे. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. वाईट नाही तो. सूनही वाईट नाही. पण दर वेळी एकच विचारतो, आई, तिथे तुझं आहे काय? घर आहे म्हटलं तर म्हणतो, कुलूप लावू. आंब्याची कलमं आहेत म्हटलं तर म्हणतो, कराराने देऊ. शेजारीण आहे म्हटलं तर म्हणतो, फोनवर बोल. यावेळी गाडी घेऊनच येतोय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला असं एक उत्तर पाहिजे, जे कराराने देता येत नाही.”

ताई येणार होत्या तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी. मुलगा त्यानंतरच्या शनिवारी.

बाईंनी पर्स उघडली आणि लाल पेन माझ्या हातात ठेवलं. “काय बोलायचं ते शिकव,” त्या म्हणाल्या. ज्या बाईसमोर माझे बाबा बटण लावतात, तिला मी ‘छान’ म्हणायला शिकवायचं होतं.

आम्ही तालीम सुरू केली. ताईंसमोर वर्गातल्या सगळ्यांनाच ते वाक्य यायला हवं होतं, म्हणून सगळ्यांचीच. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मला आवडलं की’. गोल बसवलं. प्रत्येकाने उजवीकडच्या माणसाच्या चित्राबद्दल बोलायचं.

सुरुवात तांडेलांनी केली. हे मिरकरवाड्याचे. आयुष्य बोटीवर गेलं, आता मुलगा बोट नेतो आणि दुपारी सून टीव्ही लावते, म्हणून हे वर्गाला येत. त्यांच्या उजवीकडे हातखंब्याच्या काकू होत्या. काकूंनी एक जनावर काढलं होतं.

“मला आवडलं,” तांडेल म्हणाले आणि चित्राकडे खूप वेळ बघत राहिले, “की ही म्हस...”

“गाय हाय ती,” काकू म्हणाल्या.

“मला आवडलं की ती गाय हाय ह्या तुमी सांगितलात. नायतर कसा कळनार?”

मी सांगितलं, तांडेल, असं नाही, मनापासून. ते म्हणाले, मनापासूनच बोललो.

सेक्रेटरींची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला. “मला आवडलं की सदर चित्र वेळेवर पूर्ण झालं आहे.”

बाईंची पाळी आली. त्यांच्या उजवीकडे तांडेलांची बोट होती. बाईंनी डोळे मिटले, ओठ दोनदा हलवले आणि एका दमात म्हणाल्या, “मला आवडलं की बोट छान आहे.” मग त्यांना घाम आला आणि त्यांनी पाणी मागितलं.

मला वाटलं, जमतंय. मी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्या एकटीच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या लेकीचा फोन. आवाज घाबरलेला.

“आईच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काही कळलंय का?”

“नाही. का?”

“ती कालपासून जेवत नाही. म्हणते, मंडळात सगळी माझ्याशी गोड बोलली. माझं चित्र चांगलं म्हणाली. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला असणार आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवताय.”

रिपोर्ट अजून आलेलाच नव्हता. तो आला तेव्हा चांगला निघाला, पण काकूंना तेही पटेना. शेवटी सेक्रेटरींना फोन करावा लागला. त्यांनी काकूंना सांगितलं की तुमच्या गाईचे पाय टेबलाचे आहेत आणि शिंगं सायकलच्या हँडलची. काकू त्या रात्री दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी तांडेल आलेच नाहीत. आजारी नव्हते, सेक्रेटरींनी त्यांना सकाळी बाजारात कोथिंबीर घेताना पाहिलं होतं. ताई यायला एकच आठवडा उरला होता आणि वर्गातला सगळ्यात बोलका माणूस गळाला होता. मी मिरकरवाड्याला गेले. लिलाव संपत आला होता, बर्फाचा चुरा टोपल्यांत पडत होता आणि तांडेल एका उलट्या टबावर बसून दुसऱ्या कुणाचं तरी फाटलेलं जाळं कसं चुकीचं शिवलं जातंय ते शिवणाऱ्याला सांगत होते. मला बघून त्यांनी मान फिरवली.

“तांडेल, का आला नाहीत?”

“मी कशाला येऊ? बायनी माजा नाव टाकलानी.”

“बाईंनी? त्यांनी तर तुमचं कौतुक केलं. बोट छान आहे म्हणाल्या.”

“त्याच तर सांगतोय. माज्या पोराला दुसरीत छान म्हनाल्या होत्या. त्याच्या मागनं पोरगा शिकला नाय.” त्यांनी जाळ्यावरून नजर काढून माझ्याकडे लावली. “ज्याच्यात काय राम उरला नाय, त्यालाच त्या बाय छान म्हनतात. बाकीच्यांना छड्या मारतात. सगळ्या गावाला ठावूक हाय. तुज्या बापसाला इचार.”

मी टबाच्या कडेला टेकले आणि त्यांना नियम समजावून सांगितला. भीती म्हणजे काय, लाल शाईने काय होतं, माणूस मोकळा कसा होतो. मी चांगली बोलते. मला लहानपणापासून सवय आहे. आजूबाजूची दोन-चार माणसंही ऐकायला थांबली. तांडेलांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुज्या बापसाची पत्रकां मी वाचलेली हायत,” ते म्हणाले. “त्याच्यात कधी सरकारचा काय आवडला ता लिवलान होता?”

“ते वेगळं. ते सरकार आहे.”

“तुजा बापूस सरकारकडे बघतो, म्हनून चुका दिसतात त्याला. बायनी माज्या बोटीकडे बघितलानीच नाय. डोळे मिटून बोलल्या. तू व्हतीस ना थयसर?”

बाईंनी डोळे मिटले होते, हे खरं होतं. मी वाद सोडला आणि विनंतीवर आले. बाईंच्या मुलाची गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय ते येणार नव्हते. गुरुवारी काय पणाला लागलं आहे तेही सांगितलं. तांडेलांनी बंदराकडे पाहिलं. मग म्हणाले, “डोंबिवलीला समुद्र नाय ना?” मी नाही म्हटलं. “येतो,” ते म्हणाले. “आनी गोड बोलतो. बायसाठी. पन एकदाच.”

गुरुवार आला. पुण्याच्या ताई आल्या. हाताने विणलेली साडी, मऊ आवाज, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी सारखंच हसू. मी सत्कार नको असं बजावलं होतं, तरी सेक्रेटरींनी शाल आणि नारळ आणून ठेवलाच होता. “पाहुण्यांना नारळाशिवाय बसवणं मंडळाच्या वेळापत्रकात नाही,” ते म्हणाले. ताईंनी नारळ मांडीवर घेतला आणि मागच्या खुर्चीत बसल्या. संस्थेची पद्धत अशी की बघायला आलेल्या माणसानेही कागद घेऊन सगळ्यांबरोबर चित्र काढायचं, म्हणजे परीक्षा वाटत नाही. त्यांनीही कागद घेतला.

विषय होता, सकाळी काय बघितलं. माणसं चित्रं काढू लागली आणि ठरल्याप्रमाणे गोड बोलू लागली. मला आवडलं की रंग हिरवा आहे. मला आवडलं की झाड उभं आहे. मला आवडलं की तुम्ही आलात. आवाज असे, जसे आपण मयताच्या घरी भेटायला गेल्यावर ओसरीवर बसून काढतो. काकू मान खाली घालून एक चूल काढत होत्या आणि मधूनमधून डोळे पुसत होत्या. रिपोर्ट चांगला असूनही. ताई मागे बसून हसत होत्या आणि काहीतरी टिपून घेत होत्या. नियम एकही मोडला जात नव्हता. इतकं दुःखी सभागृह मी कुठल्याच शोकसभेत पाहिलं नव्हतं.

बाई हात पाठीमागे बांधून फिरत होत्या. ते हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, हे मला मागून दिसत होतं. प्रत्येक कागदापाशी थांबून त्या वाक्य म्हणत आणि पुढे जात. मी प्रत्येक वेळी श्वास सोडत होते. मग त्या तांडेलांपाशी पोहोचल्या.

तांडेलांनी पहाटे बंदरातून निघणारी त्यांची बोट काढली होती. डोलकाठीवर झेंडा फडफडतोय, इंजिनाच्या नळकांड्यातून धूर निघतोय. बाई थांबल्या. वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

“मला आवडलं की,” बाई म्हणाल्या.

पुढे काही येईना. तांडेल वर बघेनात. मी भिंतीजवळून हातवारे केले, काहीही म्हणा, रंग म्हणा, कागद म्हणा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या ताईंकडे पाहिलं. मग पुन्हा बोटीकडे पाहिलं आणि पाठीमागचे हात सुटले.

“तांडेल, वारा कुठचा आहे?”

“म्हंजे?”

“झेंडा इकडे उडतोय आणि धूर तिकडे चाललाय. दोन वारे आहेत का समुद्रात?”

सभागृहात एकही ब्रश हलला नाही. तांडेलांनी आपल्या चित्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. जन्मभर वाऱ्यावर पोट असलेला माणूस. समोरच्या बाकावरून काकूंनी मान लांब करून बघितलं.

“तरीच ह्यांना मासळी गावत नव्हती,” काकू म्हणाल्या.

पहिल्यांदा सेक्रेटरी हसले. मग सगळेच. माणसं आपापले कागद सोडून तांडेलांभोवती जमली. तांडेल उभे राहिले.

“धूर माज्या बोटीचा नाय. मागच्या बोटीचा हाय.”

“मागची बोट कुठे आहे?” बाई म्हणाल्या.

“कागदाच्या भायेर.”

“आणि कागदाच्या बाहेर वारा वेगळा असतो?”

“मग तो धूर नाय. ढग हाय.”

“ढग नळीतनं निघतो काय वो?” काकू म्हणाल्या. “माज्या चुलीला पन लावून द्या येक.”

“तुमच्या चुलीवर आधी भांडा ठेवा,” तांडेल म्हणाले. “मगासपासून नुसती जाळताय.”

काकूंनी आपला कागद बघितला. चुलीवर खरंच काही नव्हतं. त्या लगबगीने जागेवर गेल्या आणि भांडं काढायला लागल्या. तिकडे सेक्रेटरींनी स्वतःचं चित्र बाईंपुढे आणलं. “यात काही त्रुटी असल्यास आत्ताच सांगाव्यात.” त्यांच्या मागे रांगच लागली. तांडेल रांगेत नव्हते. ते डोळे मिटून, तोंड खिडकीकडे करून उभे होते. मग म्हणाले, “पहाटेला मतलय असतो. जमिनीवरनं दर्यात जातो तो वारा. झेंडा चुकलाय.” आणि अंगठ्याने ओला झेंडा पुसून त्यांनी तो दुसऱ्या बाजूला फडकवला. धुराच्या बाजूला.

मी ताईंकडे बघायचं टाळत होते. बघावं लागलं, कारण काकू भांडं दाखवायला निघाल्या त्या ताईंपाशी अडकल्या होत्या.

“ही कोंबडी काय?”

“मोर आहे,” ताई मऊ आवाजात म्हणाल्या. “सकाळी गेस्ट हाउसच्या गच्चीवर आला होता.”

काकूंनी बाईंना हाक मारली. बाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “मान लांब करा. पिसारा नंतर. मान नसली तर मोर मिरवणार कशावर?” ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्यांनी नारळ मांडीवरून खाली ठेवला, कागद सरळ केला आणि खालचा ओठ चावत मान काढायला लागल्या.

वर्ग संपल्यावर त्यांनी मला सेक्रेटरींच्या खोलीत बोलावलं.

“नियम मोडला गेला,” त्या म्हणाल्या.

“हो.” खोटं बोलणार नव्हते.

“तू प्रशिक्षक आहेस. तुझं मत काय?”

“नियम चुकीचा आहे,” मी म्हणाले, आणि पुढचं सगळं माझ्याकडे तयार होतं. भाषण जिभेवर आलं होतं. कोकण, पुणे, वरून लादलेले नियम, माणसांची स्वतःची रीत. ताईंनी हात वर केला.

“‘मला आवडलं की’ ने सुरुवात कर.”

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बाहेर बाक सरकवल्याचा आवाज येत होता. ताई थांबून होत्या. त्यांना घाई नव्हती. घामाने माझी कानशिलं ओली झाली.

“मला आवडलं,” मी शेवटी म्हणाले, “की या नियमामुळे माणूस बोलायच्या आधी थांबतो. शाळेत आम्हाला कुणी थांबून बघितलं नव्हतं. पण इथली माणसं जे बघतात ते सांगतात, आणि सांगितलं नाही तर बघितलं नाही असं समजतात. मला दिसलं की बाईंनी वाक्य म्हटलं तेव्हा लोक रडत होते, आणि विचारलं तेव्हा झेंडा फिरला.”

ताईंनी ते लिहून घेतलं. “कळवते,” म्हणाल्या. शाल आणि नारळ पिशवीत भरले. मोर हातात धरला, ओला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचा मेसेज आला. केंद्राला एक वर्षासाठी मान्यता, वर्ग घेणार बाई. चूक काढण्यावरची बंदी कायम, मात्र ‘मला आवडलं की’ च्या जोडीला ‘मला दिसलं की’ अशीही सुरुवात चालेल. पुस्तिकेत तशी भर घालायचा मसुदा मी पाठवावा. मी तो मेसेज बाईंना दाखवायला पळत गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. ‘मसुदा’ बरोबर लिहिलाय म्हणाल्या.

शनिवारी मुलगा आला. बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, संस्थेचं माणूस म्हणून. मुलगा साधा, थकलेला, शर्टाला इस्त्री. हायवेवरच्या खड्ड्यांबद्दल बोलून झाल्यावर त्याने चहाचा कप हातात घेतला आणि बाईंनी ताठ बसून सांगितलं, “माझी नेमणूक झाली आहे.”

त्याने सगळं ऐकलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं. मग म्हणाला, “आई, आठवड्यातून एक दिवस दोन तास. त्यासाठी बाकीचे सहा दिवस तू इथे एकटी राहणार? रात्री काही झालं तर?”

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. बाईंनी मेसेज दाखवायला उघडलेला माझा फोन खाली ठेवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. तांडेल होते, हातात गुंडाळलेला कागद. गुरुवारी रांगेत राहिले नव्हते म्हणून आता आले होते. मुलाला नमस्कार करून त्यांनी कागद टेबलावर पसरला. बोटीमागे आता दुसरी बोट होती, त्या बोटीलाही धूर होता, आणि सगळं एकाच दिशेला चाललं होतं.

मुलाने वाकून बघितलं. “वा, छान आहे काका,” तो म्हणाला.

तांडेलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खूप काळजीने बाईंकडे. “बाय, ह्यांच्याकडे जातलात तुमी?”

तोवर बाईंचा चष्मा चढला होता. मागची बोट पुढच्या बोटीपेक्षा मोठी कशी, असा प्रश्न निघाला. ती कंपनीची बोट आहे, असं उत्तर आलं. कंपनीची असली तरी लांबची वस्तू लहान दिसते, असं बाईंनी सांगितलं. तांडेल म्हणाले, त्या कंपनीकडनं कर्ज काढून बघा, कितीही लांब गेली तरी ती मोठीच दिसते. वाद अंगणात गेला, कारण खरी लांबची वस्तू बघायला बाईंनी त्यांना पलीकडच्या माडाकडे नेलं. बाई हात लांब करून, अंगठा उभा धरून माड मोजून दाखवत होत्या, आणि तांडेल आपला अंगठा धरून त्यांचा अंगठा कसा वाकडा आहे ते दाखवत होते.

मुलगा ओसरीवर माझ्याजवळ उभा राहून बघत होता. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

“फोनवर माझ्याशी एवढं बोलत नाही ती,” तो म्हणाला. “जेवलास का, झोपलास का. संपलं.”

मी त्याच्या हातातून गार कप घेतला. मला बोलता आलं असतं.

तांडेल गेल्यावर बाई आत आल्या, गाल लाल झालेले. मुलाने विचारलं, “निदान चार दिवस तरी येशील? खोली रंगवली आहे, बघ तरी एकदा.” शेजारणीला रात्री अंगणातला दिवा बघायला सांगून ठेवतो, असंही म्हणाला, जणू आईच्या इथे राहण्याची तजवीज त्यालाच करायची होती. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

“शुक्रवारी निघेन आणि बुधवारी परत येईन. गुरुवारी वर्ग असतो. तिकीट दोन्हीकडचं काढ.”

“मी सोडायला येईन ना.”

“तिकीट काढ.”

त्याने फोन काढला आणि तिथेच, पायरीवर बसून, रिझर्वेशन केलं. झाल्यावर स्क्रीन आईपुढे धरली. बाईंनी चष्मा लावून परतीची तारीख वाचली, वार वाचला, बोगी वाचली. जाण्याची तारीख वाचायची राहून गेली आणि त्या आत भात लावायला गेल्या.